बेळगावचे बाबा पदमनजी आणि मंडळीची एकी

मराठी ख्रिस्ती लेखकांचा विषय निघाला की आपल्या मंडळ्यांत पहिले नाव येते ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. ते योग्यच आहे. त्यांची गीते आपल्या उपासनांत सतत गायिली जातात. पण टिळकांचा जन्म १८६१ सालचा. त्याच्या सात वर्षे आधी, १८५४ साली, आपल्या बेळगावात तेवीस वर्षांच्या एका तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ मराठी भाषेतून प्रभूची सेवा केली. ते बाबा पदमनजी मुळे. साहित्याचे अभ्यासक त्यांना ओळखतात, त्यांच्या पुस्तकांवर प्रबंध लिहितात. मात्र ज्या गावात ते जन्मले, शिकले आणि प्रभूचे झाले, त्या गावातल्या आणि निपाणी-चिकोडीपर्यंतच्या मंडळ्यांत त्यांची आठवण क्वचितच निघते. म्हणून या अंकात त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

याला आणखी एक कारण आहे. सुवार्ताप्रसार आणि विश्वासणाऱ्यांची एकी हे दोन विषय आपण बहुधा वेगवेगळे धरतो. सुवार्तेसाठी एक समिती, ऐक्यासाठी दुसरी सभा! बाबांच्या आयुष्यात मात्र हे दोन धागे असे गुंफलेले दिसतात की एक ओढला तर दुसराही हलतो.

बेळगावचे बालपण

बाबांचा जन्म मे १८३१ मध्ये बेळगावात झाला. घराणे त्वष्टा कासारांचे, वडील सरकारी नोकरीत, घरची स्थिती बरी आणि वातावरण भाविक. सणवार, उपासतापास, देवदर्शन, पोथीश्रवण यांत मुलाचे मन रमे. बाबांनी पुढे अरुणोदय या नावाने आपले आत्मचरित्र लिहिले, त्यात या बालपणाचा वृत्तांत आला आहे. धर्म त्यांना कधीच वरवरचा वाटला नाही. देव खरा असेल तर त्याच्यासाठी सर्वस्व द्यावे, ही ओढ लहानपणापासूनची होती. ख्रिस्ताने ती नव्याने निर्माण केली नाही, तिला तिचे ठिकाण दाखविले, असे आम्हांस वाटते.

त्या वेळचे बेळगाव डोळ्यांपुढे आणू या. १८१८ साली पेशवाई संपली, किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि शहराला लष्करी छावणी आली. दोनच वर्षांनी, १८२० साली, लंडन मिशनचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून येथे आले. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. त्यांचे नाव आजही आपल्या बेनन-स्मिथ हायस्कूलच्या नावात आहे. या मिशनऱ्यांपुढे एकभाषी समाज नव्हताच. पेठेत मराठी आणि कानडी, छावणीत दक्षिणेकडून आलेल्यांची तमिळ, मुसलमान वस्तीत हिंदुस्थानी आणि साहेबांच्या बंगल्यांत इंग्रजी. आपल्या भागातील मंडळीचे बी पडले ते अशा अनेक भाषांच्या जमिनीत.

लंडन मिशनच्या शाळेत बाबा शिकू लागले. तेथे इंग्रजी आणि इतर विषयांबरोबर पवित्र शास्त्राचाही पाठ होई. त्या वयात लगेच काही पालट झाला नाही. घरच्या देवधर्मावर त्यांची निष्ठा होती. पण पेरणारा पेरून जातो आणि बी कधी उगवेल हे देव ठरवितो. रविवारच्या शाळेत तासन्‌तास खपणाऱ्या आपल्या शिक्षक-शिक्षिकांनी हे विसरू नये.

मुंबईतील शोध

सोळा-सतरा वर्षांचे असताना बाबा पुढील शिक्षणासाठी मुंबईस गेले आणि काही काळाने स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या विद्यालयात दाखल झाले. डॉ. जॉन विल्सन हे त्या मिशनचे प्रमुख. मरे मिचेल यांच्यासारखे विद्वान तेथे शिकवीत. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री हे ब्राह्मण गृहस्थही त्याच वर्तुळात होते. आपल्याच भाषेचा, आपल्याच रीतीभातींत वाढलेला सुशिक्षित माणूस प्रभूसाठी सर्व सोडू शकतो, हे तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळे.

त्या काळची मुंबई विचारांनी ढवळून निघाली होती. विधवांचे हाल, स्त्रियांचे अज्ञान, जातिभेद, मूर्तिपूजा यांवर वर्तमानपत्रांतून वाद चालत. अमेरिकन मिशनने १८४२ साली अहमदनगरात सुरू केलेला ज्ञानोदय हातोहाती फिरे. बाबाही लिहू लागले. १८५२ साली, म्हणजे बाप्तिस्म्याच्या दोन वर्षे आधी, स्त्रियांच्या विद्याभ्यासाविषयी त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे एकविशीतल्या या तरुणाने कोणत्या वाऱ्यात शीड उभारले होते ते कळते.

बंद दाराआडची पंगत

आता आपण या चरित्राच्या गाभ्याकडे येतो. १८४९ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत परमहंस सभा स्थापन केली. ईश्वर एक आहे आणि माणसामाणसांत जातिभेद असू नये, ही तिची तत्त्वे. नव्या सभासदाला जातीचे बंधन मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. ब्राह्मण, प्रभू, सोनार, कासार एकत्र बसत, प्रार्थना करीत आणि एका पंगतीत जेवीत. त्या काळाचा विचार केला तर हे मोठेच धाडस होते. बाबा या सभेचे सभासद झाले.

पण हे सारे चाले गुपचूप. सभासदांची संख्या पुरेशी वाढेपर्यंत कोणी उघड व्हायचे नाही, असा बेत होता. सभेतून बाहेर पडले की प्रत्येक जण आपापल्या जातीत, आपापल्या सोवळ्यात परत जाई. रात्री ज्याच्या शेजारी बसून पाव खाल्ला, त्याच्याशी दिवसा रस्त्यात भेट झाली तर अंतर राखूनच बोलावे लागे.

या सभेतील माणसांची हेटाळणी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्यांच्यापैकी कित्येक जण पुढे समाजाचे पुढारी झाले आणि १८६७ साली निघालेल्या प्रार्थना समाजात जुने परमहंसी होते. पण सभेचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १८६० च्या सुमारास तिचे गुपित फुटले, सभासदांची नावे बाहेर पडली आणि लोकभयाने सभा मोडली. दहा वर्षांची एकी दार उघडताच विरून गेली, कारण ती दार बंद असेपर्यंतच टिकेल अशी होती.

बाबांनी मात्र ही गोष्ट सभा मोडण्यापूर्वीच ओळखली होती. देवाने एका माणसाला दुसऱ्याचा भाऊ केले असेल तर ते लपविण्याचे कारण काय? आणि लपवावे लागत असेल तर आपण भाऊ झालो असे म्हणता येईल काय? शास्त्राच्या वाचनाने त्यांना जे उत्तर सापडले त्याने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. जातिभेद चूक आहे एवढे पटणे पुरेसे नाही. ज्याने आपल्या देहाने मधली भिंत पाडली त्या प्रभूचे नाव उघड घेतले पाहिजे, या निश्चयापर्यंत ते आले.

उघड साक्ष

१८५४ साली बाबांचा बाप्तिस्मा झाला आणि तो झाला बेळगावात. मुंबईत ते हजारोंतले एक विद्यार्थी होते. बेळगावात त्यांच्या वडिलांना सारी पेठ ओळखत होती. ज्या रस्त्यांवरून ते लहानपणी देवदर्शनाला गेले, त्याच रस्त्यांच्या गावात त्यांनी ख्रिस्ताचे नाव घेतले.

त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे काय याची आज आपणांस पुरती कल्पना येणार नाही. जात तुटली म्हणजे घर तुटे, पंगत तुटे आणि वारशाचाही प्रश्न उभा राही. ज्याच्यावर आईबापांनी आशा बांधल्या तो मुलगा घरच्यांना मेल्यासारखा होई. आईबापांचे ते दुःख खोटे नव्हते, आणि मुलाचेही नव्हते. पण परमहंस सभेत जे दहा वर्षांत साधले नाही ते एका दिवसात साधले: एक माणूस दिवसाढवळ्या, सर्वांदेखत, सर्व जातींच्या विश्वासणाऱ्यांसह प्रभूच्या मेजाशी बसला. त्याच्या पुढच्या सुवार्ताकार्याचा आरंभ याच पंगतीत झाला, असे आम्ही मानतो. लोकांनी आधी ती पंगत पाहिली, मग शब्द ऐकले.

लेखणीची सेवा

पुढे बाबांनी पुण्यास फ्री चर्चच्या कामात भाग घेतला, पाळक म्हणून दीक्षा घेतली आणि मंडळीची जोखीम वाहिली. पण देवाने त्यांच्या हाती खरे हत्यार दिले ते लेखणीचे. १८५७ साली यमुनापर्यटन हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी असा तिचा मान आहे. यमुना नावाची एक विचारी तरुणी पतीबरोबर प्रवास करते आणि जागोजागी विधवांचे जिणे पाहते: केशवपन, उपास, घरातल्या घरात होणारी विटंबना. पुढे तिच्यावरही तोच प्रसंग येतो. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ चा; म्हणजे कायद्याची शाई वाळते न वाळते तोच हा ग्रंथ लोकांपुढे आला. सुवार्तेचा सेवक प्रथम दुःखिताच्या घरी जाऊन त्याचे दुःख ऐकतो, हा धडा त्यात आहे.

यानंतर त्यांची लेखणी थांबली नाही. लहानमोठी मिळून शंभराच्या आसपास पुस्तके त्यांनी लिहिली. नव्या करारावर टीका लिहिली. मोल्सवर्थच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप केला, तो १८६३ साली निघाला. शब्दरत्नावलीही त्यांचीच. कोशाचे काम सुवार्तेचे कसे, असे कोणी विचारील. ज्याला लोकांशी बोलायचे आहे त्याने लोकांचा शब्द आदराने वेचला पाहिजे, हेच त्याचे उत्तर. कोश वापरणाऱ्याला तो ख्रिस्ती आहे की हिंदू, हे बाबांनी विचारले नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगावी लागेल. बाबांच्या काही पुस्तिकांत जुन्या धर्मावरची टीका तीक्ष्ण आहे. तो काळ खंडनमंडनाचा होता. समोरूनही तशाच धारेचे उत्तर येई. आज शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याविषयी तशी भाषा आपण वापरू नये आणि तिची गरजही नाही. त्यांच्याकडून उचलायची ती लोकांविषयीची कळकळ आणि भाषेवरची मेहनत.

तीन मिशनांचा एक सेवक

बाबा कोणत्या मिशनचे? या प्रश्नाचे उत्तर देऊ गेलो की घोटाळा होतो. अक्षरओळख आणि बाप्तिस्मा लंडन मिशनकडे, म्हणजे काँग्रिगेशनल पंथाच्या लोकांकडे. उच्च शिक्षण आणि पाळकपद स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांकडे. ज्ञानोदयाशी संबंध आला तो अमेरिकन मिशनमुळे. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी मुंबईत ट्रॅक्ट सोसायटी आणि बायबल सोसायटी यांच्यासाठी लेखन-संपादन केले. या दोन्ही संस्था कोणा एका पंथाच्या नव्हत्या. बायबल सोसायटीची मुंबई शाखा १८१३ सालची, ट्रॅक्ट सोसायटी १८२७ सालची. ज्या मिशनऱ्यांचे बाप्तिस्म्याच्या रीतीवर किंवा मंडळीच्या कारभारावर एकमत होत नसे, ते शास्त्राचे भाषांतर आणि पुस्तिकांची छपाई यांसाठी मात्र एका मेजाभोवती बसत. सुवार्तेचे काम पुढ्यात आले की त्यांना एकमेकांवाचून चालत नव्हते.

बाबांनी सत्यदीपिका, उदयप्रभा, कुटुंबमित्र अशी नियतकालिके चालविली. त्यांतच ऐक्यदर्शक पत्रिका हे एक नाव आहे. विश्वासणाऱ्यांच्या ऐक्याची गोष्ट एका एतद्देशीय ख्रिस्ती संपादकाने मराठीतून सांगावी, हे सहज घडले नाही. पंथ परदेशातून आले होते; त्यांच्या भांडणांची कारणेही तिकडचीच. बेळगावच्या किंवा नगरच्या विश्वासणाऱ्याला त्या भांडणांशी काय कर्तव्य? त्याला तर जात मोडून आलेला दुसरा भाऊ हवा होता.

बाबांचे आत्मचरित्र मरे मिचेल यांनी संपादन करून १८९० साली इंग्रजीत आणले आणि ते परदेशी वाचकांपर्यंत गेले. २९ ऑगस्ट १९०६ रोजी बाबा प्रभूकडे गेले. त्या वेळी त्यांचे वय पंचाहत्तर होते.

आपल्यासाठी

बाबांच्या नंतर आपल्या भागात पुष्कळ घडले. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडन मिशनने बेळगावचे काम अमेरिकन मेथडिस्टांकडे सोपविले. निपाणीकडे कोल्हापूरच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम वाढले. छावणीतील सेंट मेरीज चर्च अँग्लिकनांचे होते. मिशनांनी क्षेत्रे वाटून घेतली त्यामागे हेतू चांगला होता, एकमेकांच्या कामात अडथळा नको. पण वाटणीच्या त्या रेषा पुढे आपल्या मनात भिंती झाल्या. १९४७ साली दक्षिण भारताची मंडळी एकत्र आली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट त्या ऐक्यात आले नाहीत. १९८१ साली त्यांची मेथडिस्ट चर्च इन इंडिया ही स्वायत्त मंडळी झाली. ज्या कामातून बाबा प्रभूकडे आले ते आज एका मंडळीत आणि ज्या पंथाचे ते पाळक झाले त्याचे वारस दुसऱ्या मंडळीत, अशी आपल्या भागातील स्थिती आहे. त्यात १९५६ पासूनचा सीमाप्रश्न आहे. मराठी उपासना आणि कन्नड उपासना या दोन वेळा असाव्यात हे ठीक, कारण प्रत्येकाने आपल्या भाषेत देवाला हाक मारावी. पण बाहेरच्या भांडणाची हवा वेदीपर्यंत येऊ नये.

काही वर्षांपूर्वी निपाणीच्या बाजाराच्या दिवशी आम्ही शुभवर्तमानाच्या प्रती वाटीत होतो. तंबाखूचे बोचके खाली ठेवून एक वयस्कर शेतकरी आमच्यापाशी थांबला. प्रत हातात घेऊन त्याने अगदी साधेपणाने विचारले की गेल्या महिन्यात अशीच पुस्तके वाटणारे जे आले होते ते तुमच्यातलेच ना, आणि मग तुम्ही सगळे मिळून का येत नाही. त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्याच्या गावात वारीला निघताना सगळे एका दिंडीत निघत, म्हणून त्याला नवल वाटले. आमच्याबरोबरच्या एका तरुणाने पंथांची माहिती सांगण्यास सुरुवात केली. शेतकऱ्याने थोडे ऐकले, मान हलविली, प्रत पिशवीत घातली आणि तो गेला. त्याला पंथांचा इतिहास नको होता. प्रभूने शेवटच्या रात्री आपल्या शिष्यांच्या ऐक्यासाठी जी प्रार्थना केली तिचा हेतू जगाने विश्वास ठेवावा हा होता. त्या शेतकऱ्याचा प्रश्न त्याच जगाचा होता.

आता थोडे आपल्याकडे पाहू या. आपल्या भागात ख्रिस्ती माणसांची एकी नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मेथडिस्टांची मुलगी प्रेस्बिटेरियन घरात सून म्हणून जाते. मयतीला सर्व मंडळ्यांचे लोक येतात. नाताळात फराळाची ताटे इकडून तिकडे जातात. उपासनासंगीत एकच, बायबल एकच. घराच्या आत आपण एक आहोत. मात्र घराबाहेर, जेथे जग पाहते तेथे, प्रत्येकाचा फलक वेगळा, सुवार्तासभा वेगळी, कधीकधी एकाच आठवड्यात एकाच गल्लीत दोन. परमहंस सभेची एकी दाराआड होती आणि आपलीही बरीचशी तशीच आहे, हे म्हणणे कटू असले तरी खरे आहे. परमहंसांना जातीचे भय होते. आपणांस कशाचे आहे, याचा प्रत्येक मंडळीच्या वडीलजनांनी विचार करावा.

मोठी ऐक्ये सिनडांत आणि कॉन्फरन्सांत ठरतात; ते आपल्या हाती नाही. पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातील प्रार्थनासप्ताह आपल्या हाती आहे. तो मुळात आपल्याच देशातून निघाला. १८५८ साली लुधियानाच्या मिशनऱ्यांनी सर्व पंथांच्या विश्वासणाऱ्यांना त्याची हाक दिली आणि १८६० च्या जानेवारीत तो प्रथम पाळला गेला. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, खानापूर येथील मंडळ्यांनी तो एकत्र पाळावा, एक संध्याकाळ मराठीत, एक कन्नडमध्ये, आणि दोन्ही संध्याकाळी दोघांनी यावे. बाजाराच्या दिवशी शुभवर्तमानाच्या प्रती वाटण्यास दोन मंडळ्यांतील दोघे असे जोडीने निघावे. तरुण संघांनी बाबांचे अरुणोदय मिळवून वाचावे आणि बेळगावातच त्यावर एक दिवसाचा अभ्यासवर्ग भरवावा. यासाठी कोणाच्या परवानगीचा ठराव लागत नाही.

बाबा पदमनजींनी बंद दाराआडची पंगत सोडली आणि आपल्याच गावात, सर्वांच्या डोळ्यांदेखत, प्रभूची पंगत धरली. ज्या गावाने त्यांना ते करताना पाहिले, त्याच गावात आपण राहतो. पुढल्या बाजाराच्या दिवशी तो निपाणीचा शेतकरी पुन्हा भेटला, तर या वेळी आपण सगळे मिळून आलो आहोत, असे त्याला दिसावे. प्रभू आपणां सर्वांस तशी बुद्धी आणि धैर्य देवो.